आदल्या दिवशीची वाळू : सिडनीच्या नॅराबीन-कोलरॉय किनाऱ्याची चाळीस वर्षांची मोजणी

जून २०१६ मध्ये एक फोटो जगभर फिरला होता. सिडनीच्या उत्तरेला कोलरॉय नावाची वस्ती आहे, तिथल्या समुद्रालगतच्या एका घराचा पोहण्याचा तलाव अख्खाच्या अख्खा उखडून पुळणीवर आडवा पडलेला. मागे कुंपणाचे खांब लोंबकळतायत आणि अंगणाच्या जागी मातीचा उभा कडा. ५ आणि ६ जूनच्या वादळानं ही करामत केली. बातम्यांत तो तलाव दोन दिवस राहिला.

मी मोजणीचं काम करणारा माणूस आहे. रस्ते, प्लॉट, नाल्यांचे क्रॉस सेक्शन, असली कामं. त्यामुळे पुढे या वादळाबद्दल वाचताना तलावापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर माझी नजर अडकली. वादळाच्या ऐन आधी त्या किनाऱ्यावर किती वाळू होती, हे तिथल्या लोकांना माहीत होतं. अंदाजानं नव्हे, मोजून. आणि फक्त त्या वर्षी नव्हे, तर १९७६ पासून दर महिन्याला मोजून.

आपल्याकडे कुठल्याही किनारी गावात विचारून बघा. ‘पूर्वी सुरूच्या बनापुढे दोन क्रिकेटची मैदानं मावायची’ असं एक जण सांगतो. दुसरा म्हणतो एकच मावायचं. तिसरा म्हणतो समुद्र जिथं होता तिथंच आहे, तुम्ही बन पुढे लावलंत. तिघंही खोटं बोलत नसतात. एकाला मे महिना आठवत असतो, एकाला ऑगस्ट. पुळण ही पावसाळ्यात आक्रसणारी आणि उन्हाळ्यात पसरणारी चीज आहे. तिची आठवण कुठल्या महिन्यातली, हे सांगितल्याशिवाय त्या आठवणीला मोजमाप म्हणून किंमत नाही. नॅराबीनचं प्रकरण मला म्हणूनच लिहून ठेवावंसं वाटलं. मी तिथं गेलेलो नाही, पण तिथले आकडे खुले आहेत. कुणीही उतरवून घ्यावेत आणि तपासावेत.

जागा कशी आहे

नॅराबीन-कोलरॉय हा साधारण ३.६ किलोमीटर लांबीचा, पूर्वेकडे तोंड केलेला, कोयत्यासारखा वळलेला किनारा. उत्तरेला नॅराबीनचं टोक, दक्षिणेला समुद्रात घुसलेलं लाँग रीफ नावाचं खडकाळ टोक. दोन डोंगरांच्या मध्ये अडकलेली पुळण म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला वेगळं चित्र काढून दाखवायची गरज नाही. उत्तर टोकाला एका खाजणासारख्या सरोवराचं मुख आहे. ते वाळूनं बुजतं, मग दर काही वर्षांनी ती वाळू काढून ट्रकनं दक्षिणेकडच्या पुळणीवर नेऊन टाकतात.

तिथं नेहमीची लाट येते दक्षिण-आग्नेयेकडून. लाँग रीफचं टोक ती अडवतं, म्हणून किनाऱ्याचं दक्षिण अंग, म्हणजे कोलरॉय, एरवी आडोशाला असतं. लाट तिथं लहान लागते आणि पाणी शांत वाटतं. साहजिकच लोकांनी घरं पार वाळूच्या कडेला नेली. १९४५, १९६७ आणि १९७४ च्या वादळांनी तिथं नुकसान केलं होतं, १९४५ मध्ये तर घरं कोसळली होती. पण दोन वादळांच्या मध्ये वीसेक वर्षं गेली की माणूस विसरतो आणि जागेचा भाव चढतो.

दोन काठ्या आणि क्षितिज

सिडनी विद्यापीठातले किनारा-अभ्यासक अँड्र्यू शॉर्ट यांनी १९७६ मध्ये इथं मोजणी सुरू केली. साधन काय होतं? दोन काठ्या.

ही पद्धत के. ओ. एमरी नावाच्या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये मांडली. सारख्या उंचीच्या, वरून खाली खुणा केलेल्या दोन काठ्या घ्यायच्या. एक जण काठी घेऊन जमिनीच्या बाजूला उभा राहतो, दुसरा ठरलेल्या अंतरावर समुद्राच्या बाजूला. उतार समुद्राकडे असल्यामुळे पुढच्या काठीचं टोक मागच्या काठीच्या टोकापेक्षा खाली येतं. मागच्यानं डोळा खालीवर करून पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं, आणि ती रेषा आपल्या काठीला टोकापासून किती खाली कापते ते वाचायचं. तेवढी वाळू त्या अंतरात उतरली. मग मागची काठी पुढच्या जागी आणायची, पुढची आणखी पुढे. असं करत पाण्यापर्यंत जायचं. मध्येच वाळूचा उंचवटा लागला आणि उतार उलटा झाला, तर मागच्या काठीचं टोक धरून पुढच्या काठीवर वाचायचं. बस.

डंपी लेव्हल नाही, तिवई नाही, बुडबुडा नाही. समुद्राचं क्षितिज हाच बुडबुडा.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकून हसू येईल, मलाही आलं होतं. म्हणून एका नोव्हेंबरात आजोळी गेलो असताना भाच्याला हाताशी धरलं. पीव्हीसीचे दीड-दीड मीटरचे दोन पाइप घेतले, त्यांवर टेप चिकटवून सेंटीमीटर लिहिले, आणि दोन मीटरचा सुंभ मध्ये बांधला. दिवस पौर्णिमेचा ठरवला, कारण उधाणाच्या ओहोटीला पाणी सगळ्यात मागं जातं आणि जास्तीत जास्त पुळण उघडी पडते. नॅराबीनलाही उधाणाची ओहोटी बघूनच मोजतात. भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा हिशोब साधा : तिथीची पाऊणपट. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी सव्वापाचच्या आसपास. पाच वाजता आम्ही पुळणीवर उभे.

आणि तिथंच गाडं अडलं. आमचा किनारा पश्चिमेचा. नोव्हेंबरात सव्वापाचला सूर्य क्षितिजाच्या जरा वर, बरोबर काठीच्या टोकामागे. डोळ्यासमोर नुसता पिवळा गोळा आणि त्याखाली धुरकट पट्टा. समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळेना. सहा रीडिंग घेतली, परत वर जाऊन तीच सहा घेतली, एकही जुळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला गेलो, तेव्हा सूर्य पाठीशी आणि क्षितिज सुरीसारखं. त्या वेळची दोन्ही फेऱ्यांची बेरीज दोन बोटांच्या फरकानं जुळली. पूर्वेच्या किनाऱ्यावर हे उलटं होत असणार. एमरीच्या पद्धतीचं वर्णन करणारे लोक हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

आणखी एक बारकावा. क्षितिज डोळ्याच्या अगदी समपातळीत नसतं, पृथ्वी गोल असल्यामुळे किंचित खाली असतं. डोळा समुद्रापासून अडीच मीटर उंचीवर असेल, तर दर १० मीटरला साधारण ८ मिलिमीटरची चूक येते. १०० मीटरच्या पुळणीवर ती ८ सेंटीमीटर झाली. पण ही चूक प्रत्येक महिन्यात, प्रत्येक फेरीत जवळपास तेवढीच आणि त्याच दिशेला येते. आपल्याला पुळणीची खरी आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, हवी असेल तर ती चूक सुधारून घ्यावी लागते. गेल्या महिन्यापेक्षा वाळू किती उतरली एवढंच हवं असेल, तर ती वजाबाकीत बरीचशी निघून जाते. स्वस्त साधन सातत्यानं वापरलं तर महागड्या साधनाच्या एका भेटीपेक्षा जास्त सांगतं, याचं कारण हे आहे.

नॅराबीनला पाच रेषा पकडल्या आहेत. त्यांचे क्रमांक १, २, ४, ६ आणि ८. आकडे सलग नाहीत, पण ज्या पाच धरल्या त्या सोडल्या नाहीत. प्रत्येक रेषा पुळणीच्या मागच्या बाजूला एका पक्क्या बिंदूपासून सुरू होते आणि ठरलेल्या दिशेनं समुद्राकडे जाते. २००४ च्या सुमारास काठ्यांची जागा आरटीके जीपीएसनं, म्हणजे जागेवरच दुरुस्ती करून घेणाऱ्या नेमक्या जीपीएसनं घेतली, त्याची चूक काही सेंटीमीटरांतच असते. तोवर कामाची सूत्रं न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जल संशोधन प्रयोगशाळेकडे आली होती. जीपीएस चार चाकांच्या बाइकवर लावून अख्खी पुळण फिरून घेणंही तेव्हापासून सुरू झालं. पण त्या पाच रेषा तशाच राहिल्या. साधन बदलावं, रेषा बदलू नये. आमच्याकडे नेमकं उलटं होतं : नवा ठेकेदार, नवं यंत्र, नवा बेंचमार्क (मोजणीचा पक्का आधारबिंदू), आणि जुन्या नकाशाशी मेळ बसत नाही म्हणून जुना नकाशाच चुकीचा ठरवायचा.

एका रेषेतून ब्रास कसे निघतात

रेषेवरची उंची-अंतरं कागदावर मांडली की पुळणीचा आडवा छेद मिळतो. दोन महिन्यांचे छेद एकावर एक ठेवले की मधली जागा म्हणजे गेलेली किंवा आलेली वाळू. ती चौरस मीटरमध्ये येते. किनाऱ्याच्या एक मीटर लांबीला गुणलं की दर धावत्या मीटरला इतके घनमीटर असा आकडा निघतो. नाल्याच्या खोदाईचं बिल करणाऱ्याला हे शिकवायला नको.

पाण्याची कड कुठं आहे हा मात्र फसवा प्रश्न. सिडनीला उधाणाची भरती-ओहोटी सरासरी १.३ मीटरची. पुळणीचा उतार दहास एक असेल, तर फक्त भरती-ओहोटीनंच कड १३ मीटर आतबाहेर होते. म्हणून तिथं पाण्याची कड धरत नाहीत, सरासरी भरतीची पातळी धरतात. ऑस्ट्रेलियाच्या उंचीच्या मापात ती ०.७ मीटर आहे. त्या उंचीची रेषा, म्हणजे समोच्चरेषा, कुठं सरकली ते बघतात. आपल्याकडे हा फरक आणखी भयंकर. आमच्या पुळणीचा ओहोटीकडचा उतार पन्नासास एक धरला आणि उधाणाची तफावत दोन मीटर, तर कड एका दिवसात १०० मीटर सरकते. मुंबईला तर उधाणाला पाणी चार-पाच मीटरनं चढतं-उतरतं. ‘समुद्र ५० मीटर आत आला’ असे जे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्यांवर वेळ आणि तिथी नसेल तर मी ते पुढे पाठवत नाही.

चाळीस वर्षांत काय दिसलं

पहिली गोष्ट अपेक्षित होती. वादळ दोन-तीन दिवसांत वाळू खेचून नेतं, ती किनाऱ्यालगत पाण्याखाली दांड्यासारखी साचते, आणि शांत दिवसांतली लाट ती महिनोन्‌महिने, कधी वर्षभर, थोडी थोडी वर आणून टाकते. आपल्याकडे हेच पावसाळ्याच्या तालावर होतं. तिथं असा एक ठरलेला ऋतू नाही, वादळं वर्षात कधीही येऊ शकतात. म्हणून त्यांना दर महिन्याला मोजावं लागतं. वर्षातून एकदा मोजलं असतं, तर जे हाती लागलं ते नुकत्याच झालेल्या वादळाचं माप ठरलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. उत्तर टोक रुंदावतं तेव्हा दक्षिण टोक अरुंद होतं, आणि काही वर्षांनी उलट. अख्खी पुळण मधल्या एका खिळ्याभोवती फिरतेय असं वाटावं. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा संबंध एल निनो आणि ला नीनाच्या चक्राशी जोडला, कारण त्या चक्रासोबत लाटांची दिशा बदलते. सुरुवातीचं स्पष्टीकरण सरळ होतं : वाळू किनाऱ्याच्या बाजूनं एका टोकाकडून दुसऱ्याकडे वाहते. नंतर मिचेल हार्ली नावाचे किनारा-अभ्यासक आणि मंडळींनी तीच आकडेवारी पुन्हा उलगडली आणि २०११ मध्ये दाखवलं की यातला मोठा वाटा उत्तर-दक्षिण वाहण्याचा नाही, पुळण आणि समुद्र यांच्यातल्या आतबाहेर देवघेवीचा आहे. आडोशाचं टोक आणि उघडं टोक एकाच लाटेला वेगवेगळं उत्तर देतात, आणि लांबून ते फिरणं दिसतं. मला या जागी थांबावंसं वाटतं. आकडे तेच होते, अर्थ बदलला. आकडे जपून ठेवले नसते, तर पहिलाच अर्थ पाठ्यपुस्तकात कायम बसला असता.

एखाद्याकडे यातली पाचच वर्षं असती, तर? दक्षिण टोक आक्रसतंय हे बघून त्यानं ‘कोलरॉय बुडणार’ असा अहवाल दिला असता. पुढची पाच वर्षं मिळालेल्या दुसऱ्यानं ‘चिंता नको, पुळण वाढतेय’ असं लिहिलं असतं. दोघांच्याही अहवालावर शिक्का बसला असता.

५ आणि ६ जून

हवामान खात्याचा अंदाज आला तेव्हा न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचा इयन टर्नर यांचा गट तयारच होता. वादळ पोचायच्या आत विमानानं लेसर-मोजणी करून घेतली. वादळानंतर विमान पुन्हा उडालं, ड्रोन उडाले, चारचाकी बाइक पुळणीवर फिरली, आणि जेट-स्कीला खोली मोजायचं यंत्र लावून पाण्याखालचा तळही मोजला.

आकडे असे निघाले. १७७ किलोमीटर किनाऱ्यावरून १.१५ कोटी घनमीटर वाळू गेली. आपल्या भाषेत ४० लाख ब्रासवर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दर धावत्या मीटरला सरासरी ६५ घनमीटर, म्हणजे २३ ब्रास. दर मीटरला चार-पाच हायवा डंपर भरून वाळू काढलीत, आणि असे १७७ किलोमीटर चालत गेलात, तर तेवढं होईल. पुळण सरासरी २२ मीटर मागं सरली, नॅराबीन-कोलरॉयला काही ठिकाणी ५० मीटर. त्या किनाऱ्याच्या चाळीस वर्षांच्या नोंदीतली ही सगळ्यात मोठी घट.

आता मुद्द्याची गोष्ट. वादळ मोठं होतं का? लाटांची उंची बघितली तर त्या प्रदेशाच्या मानानं मध्यम. याहून उंच लाटांची वादळं त्याच नोंदीत आहेत आणि त्यांनी इतकी वाळू नेलेली नाही. वेगळी होती ती दिशा. नेहमीच्या लाटेपेक्षा ही लाट सुमारे ४५ अंश डावीकडे वळून, पूर्व-ईशान्येकडून आली. लाँग रीफचं टोक दक्षिणेकडचा आडोसा. ईशान्येकडून आलेल्याला ते अडवणार कसं? जे कोलरॉय पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित म्हणून ओळखलं जात होतं, नेमकं तेच उघडं पडलं. त्यात तिथल्या हिवाळ्यातली उधाणाची भरती जुळून आली, पाणी आधीच चढलेलं.

चाळीस वर्षांच्या नोंदीशिवाय हे वाक्य म्हणता आलं नसतं. फक्त पडलेला तलाव बघितला असता, तर ‘फार मोठं वादळ’ एवढंच हाती आलं असतं. मग उपायही फार मोठ्या लाटेचे शोधले असते, दिशेचा विचार कुणाच्या मनात आला नसता.

गेलेली आणि आलेली

जेट-स्कीनं पाण्याखालचं मोजलं, त्याचं फळ नंतर मिळालं. २०२२ मध्ये हार्ली आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि मेक्सिकोतले तीन किनारे एकत्र तपासून दाखवलं की मोठी वादळं फक्त नेत नाहीत. खोल पाण्यातली, एरवी लाटेच्या पोचेबाहेर पडून राहिलेली वाळू ती उकरतात आणि किनाऱ्याच्या हिशोबात आणून टाकतात. वर पुळणीवर खड्डा दिसतो, पण वर आणि खाली मिळून बेरीज केली तर वाळू वाढलेली निघते. पुढे ती हळूहळू वर येते. नॅराबीन त्या तिघांपैकी एक.

पाण्याखालचं मोजायला पैसा लागतो आणि समुद्रात जायची हिंमत लागते, म्हणून बहुतेक ठिकाणी ते टाळतात. टाळलं की जमाखर्चाची एकच बाजू लिहिली जाते. घरमालकाला याचं सांत्वन नाही, हे उघड आहे. त्याचं अंगण गेलं ते गेलं, ते खोल समुद्रातून परत येत नाही.

वरून, समोरून आणि खिशातून

२००४ मध्ये कोलरॉयच्या एका उंच इमारतीवर कायमचे कॅमेरे बसवले. उजेड असेल तेव्हा ते ठरावीक वेळानं पुळण टिपतात आणि चित्र सरळ करून नकाशासारखं वापरता येतं. ते महागडं काम.

२०१७ मध्ये हार्ली यांनी त्याचीच स्वस्त धाकटी बहीण काढली, कोस्टस्नॅप. किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर स्टीलची एक छोटी चौकट बोल्टनं पक्की करायची. जाणाऱ्या-येणाऱ्यानं तिच्यात फोन टेकवायचा, फोटो काढायचा आणि पाठवायचा. चौकट हलत नाही, म्हणून फोन कुणाचाही असला तरी दृश्य तेच. चित्रातल्या काही पक्क्या बिंदूंचे सहनिर्देशक आधी मोजून ठेवलेले असतात, त्यांवरून चित्र जमिनीवर उतरवतात. फोटोच्या वेळेवरून भरतीची पातळी कळते, त्यावरून कड दुरुस्त करतात. पहिल्या चौकटी सिडनीच्याच मॅन्ली किनाऱ्यावर आणि उत्तर नॅराबीनला लागल्या, आता कित्येक देशांत आहेत.

उपग्रहाच्या चित्रांतून किनारारेषा काढण्याची पद्धतही नॅराबीनच्या आकड्यांवर पारखून घेतली गेली, साधारण १० मीटरच्या चुकीत ती बसते. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ च्या उपग्रहचित्रांवरून देशाचा जो आढावा घेतला, त्यात देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग धुपणारा ठरला, महाराष्ट्राचा सुमारे एक चतुर्थांश. असा आढावा हवाच. पण त्यातून रेषा सरकली एवढं कळतं. रेषेच्या मागे वाळूची जाडी किती उरलीय, हे काठी रोवल्याशिवाय कळत नाही.

भिंत

एवढं मोजून घरं वाचली का? नाही. मोजणीनं धोका सांगितला, पण घरं कुठं बांधायची हे मोजणारे ठरवत नव्हते.

कोलरॉयला भिंत हवी की नको, हा वाद जुना आहे. २००२ मध्ये हजारो लोक पुळणीवर हात धरून रांगेत उभे राहिले होते, भिंतीच्या विरोधात. २०१६ नंतर पारडं फिरलं. २०२१ च्या सुमारास सात मीटर उंचीची उभी काँक्रीटची भिंत उठायला लागली. खर्चाचा मोठा वाटा घरमालकांचा, उरलेला राज्य सरकार आणि स्थानिक कौन्सिलचा. लोक पुन्हा पुळणीवर रांगेत उभे राहिले, पण भिंत झाली.

माझं मत सांगतो. घरमालकांची बाजू मला कळते. आपलं अंगण कोसळताना बघणाऱ्याला छेद आणि समोच्चरेषा सांगून काय उपयोग? पण भिंत वाचवते ती मागची जमीन. पुढची पुळण तिच्या हिशोबात नसते. वादळात पुळणीला मागं सरायला जागा लागते, मागच्या टेकाडातली वाळू उधार घ्यायला लागते. भिंतीनं ती तिजोरी कुलूपबंद केली, आणि उभ्या भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू आणखी उकरते. आपल्याकडे रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्याला वर्षानुवर्षं दगड टाकलेले बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कोलरॉयच्या बाजूनं एकच गोष्ट आहे : भिंतीआधीचे चाळीस वर्षांचे छेद हातात आहेत. भिंतीनं पुळणीचं काय केलं याचं उत्तर पुढे आकड्यांत देता येईल. आपल्या बहुतेक धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या बाबतीत आदली पातळीच कुठं लिहिलेली सापडत नाही. बंधाऱ्यामुळे पुळण गेली की पुळण जात होती म्हणून बंधारा आला, यावर ग्रामसभेत दोन तास भांडता येतं.

आमच्या पुळणीवर

त्या नोव्हेंबरातल्या प्रयोगानंतर भाच्यानं चिकाटी धरली. एकच रेषा, दर पौर्णिमेला, पहाटेच्या ओहोटीला, दोन पाइप आणि एक वही. वहीत तारीख, तिथी, वेळ, वारा, आणि रीडिंग. सुरुवातीचा बिंदू म्हणून आम्ही किनाऱ्यालगतच्या एका जुन्या जांभ्याच्या चौथऱ्याचा कोपरा धरला होता, त्यावर लाल रंगाची फुली. नारळाच्या झाडावर खूण करू नको, झाड वाढतं, आणि कुंपणाच्या खांबावरही नको, खांब उपटतात, एवढं मी सांगून ठेवलं होतं. शिवाय फुलीपासून तीन पक्क्या जागांची अंतरं मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली : विहिरीचा कठडा, देवळाच्या पायरीचा कोपरा, आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीचा पाया. सर्व्हेवाल्याची जुनी खोड.

मार्चच्या पौर्णिमेला पहाटे त्याचा फोन आला. ‘मामा, फुली गेली.’ शिमग्यासाठी कुणीतरी चौथरा उत्साहानं चुन्यानं पांढराशुभ्र रंगवला होता, चारही बाजूंनी, दोन हात. ओहोटी निघून चाललेली. मी म्हटलं, पहिलं पान काढ आणि टेप घे. विहिरीकडून एक कंस, पायरीकडून दुसरा, टाकीकडून ताळा. दहा मिनिटांनी त्यानं फोटो पाठवला. चुना खरवडलेला वीतभर तुकडा, त्यात लाल फुलीचा एक पाय. खाली वाळूत पहिली काठी उभी केलेली होती, आणि मागे पालखीचे ढोल वाजत असल्यामुळे तो काय रीडिंग सांगतोय ते मला फोनवर तीनदा विचारावं लागलं.